शिवसागर: वीज, पाणी आणि पलीकडच्या काठावरची गावं

जावळीखोरं

नमस्कार मंडळी,

गेल्या काही वर्षांत बामणोली, तापोळा, मुनावळे ही नावं सगळ्यांच्या तोंडी झाली आहेत. 'मिनी काश्मीर' म्हणून तापोळ्याचे व्हिडिओ फिरतात, सुट्टीच्या दिवशी बामणोलीच्या धक्क्यावर गाड्या लावायला जागा मिळत नाही. माझं आजोळ याच खोऱ्यातलं. लोक येतात याचा आनंदच आहे. पण आलेल्या बहुतेकांना हे पाणी, म्हणजे कोयना धरणाचा शिवसागर जलाशय, इथं का आहे, कुठं जातं, त्याच्याखाली काय आहे, यातलं काही ठाऊक नसतं. म्हणून हा धागा.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, कृष्णेसारखीच. कृष्णा वाईकडे उतरते. कोयना मात्र सह्याद्रीची मुख्य धार उजव्या हाताला ठेवून सुमारे ६५ किलोमीटर सरळ दक्षिणेला जाते आणि हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळून पाटणमार्गे कऱ्हाडला कृष्णेला मिळते. या दक्षिणवाहिनी टप्प्याच्या शेवटी धरण आहे. दोन डोंगररांगांमधलं खोरं अरुंद आणि लांब, म्हणून जलाशयही तसाच. तापोळ्यापासून कोयनानगरपर्यंत भरल्या पाण्याची लांबी पन्नासेक किलोमीटर भरते, रुंदी मात्र बऱ्याच ठिकाणी हाक मारली तर पलीकडे ऐकू जाईल इतकीच. सोळशी आणि कांदाटी या नद्यांचं पाणीही याच जलाशयात येतं.

आता खरी गंमत भूगोलाची. जलाशयाच्या पश्चिमेची धार ओलांडली की कोकण एकदम खाली कोसळतं. इकडचं पाणी समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर आणि डोंगराच्या पोटातून पलीकडे गेलं की वीजगृहाचं गाव पोफळी शे-दीडशे मीटरवर. इंजिनिअरांना हा उतार विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दिसला होता. टाटांनी इथं पाहणी केली, पण पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत योजना बारगळली. स्वातंत्र्यानंतर सरकारने ती हाती घेतली. १९६२ पासून वीज मिळू लागली, १९६४ पर्यंत धरण पूर्ण झालं. १०३ मीटर उंच, आठशे मीटरच्या वर लांब, आज १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमता. चार टप्पे आणि धरणाचं पायथा वीजगृह मिळून १९६० मेगावॅट. महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात ते खोटं नाही.

आणि याच पाण्याखाली शंभराच्या आसपास गावं गेली किंवा उठली. काही कुटुंबं सोलापूर, सांगली, रायगड, रत्नागिरी, ठाणे जिल्ह्यांत पाठवली गेली. काही वरच्या डोंगरावर सरकली आणि पाण्याने तोडलेल्या पश्चिम काठावर राहिली. त्यांना बाजाराला जायचं तर लाँच, दवाखान्याला लाँच, मुलांना शाळेला लाँच. राज्यभर वीज देणाऱ्या या खोऱ्यातल्या कित्येक वाड्यांत दिवा लागायला मात्र फार उशीर झाला.

माझं म्हणणं एवढंच आहे: आता इथं पर्यटनाचे मोठे आराखडे येतायत. 'नवीन महाबळेश्वर' प्रकल्पाच्या मूळ आराखड्यात २३५ गावं धरली आहेत, मुनावळ्याला जलक्रीडा सुरू झाल्या आहेत. हे सगळं होण्याआधी ज्यांनी खोरं दिलं त्यांचा हिशेब पूर्ण झाला पाहिजे. ज्यांना या भागाची माहिती आहे, ज्यांच्या घरात ही गोष्ट आहे, त्यांनी जरूर लिहा.

---

रानवाट

फार महत्त्वाचा धागा. वासोटा किल्ल्यावर जाणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो.

बामणोलीहून बोट करून मेट इंदवलीला उतरायचं आणि तिथून वर चढायचं. हे सगळं कोयना अभयारण्य आहे (१९८५), आणि २०१० पासून चांदोलीसकट सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. वनखात्याची परवानगी लागते, मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत बोटीने परत यावं लागतं. पावसाळ्यात बंद. मेट इंदवलीच्या चौकीवर वनरक्षक सॅक उघडून पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, वेफर्सची पाकिटं मोजतात, कागदावर लिहितात आणि अनामत घेतात. उतरल्यावर तेवढाच प्लास्टिकचा ऐवज दाखवला की पैसे परत. माझ्यासमोर एका ग्रुपचं चॉकलेटचं एक वेष्टण कमी भरलं, तर त्यांचा माणूस शोधायला पुन्हा अर्ध्या वाटेपर्यंत गेला. इतकी साधी पद्धत आहे, पण वासोट्याची वाट आज जी स्वच्छ आहे ती तिच्यामुळे. बाकीच्या किल्ल्यांवरही ही सुरू व्हायला हवी.

वर बाबूकड्यावरून पाहिलं की एका बाजूला कोकणाची दरी आणि मागे वळलं की शिवसागराचे फाटे. धागाकर्त्यांनी सांगितलेला उतार तिथं एका नजरेत कळतो.

---

पोफळीचे दिवस

माझी सगळी नोकरी या प्रकल्पावर गेली, त्यामुळे राहवत नाही.

बाहेरून येणाऱ्यांना वाटतं धरणाच्या भिंतीतून पाणी पडतं आणि तिथं वीज होते. भिंतीच्या पायथ्याशी फक्त ४० मेगावॅट आहेत, २० चे दोन संच. पावसाळ्यात बातमीत 'पायथा वीजगृहातून १०५० क्यूसेक', 'दुसरा संच सुरू, विसर्ग २१०० क्यूसेक' असं येतं ते हेच (क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट). मोठी वीज भिंतीपासून दूर, डोंगराच्या पोटात आहे. जलाशयातून बोगद्याने पाणी पश्चिमेकडे येतं, मग उल्लोळ विहीर, तिथून तिरक्या दाबनलिकांमधून पावणेपाचशे मीटर खाली भूमिगत वीजगृहात. संच बंद करताना झडपा मिटल्या की एवढ्या लांबीच्या बोगद्यातलं धावतं पाणी अचानक अडतं. त्याचा धक्का बोगद्याला बसू नये म्हणून ते उल्लोळ विहिरीत वर चढतं, खाली येतं, पुन्हा चढतं आणि हळूहळू शांत होतं.

पहिला आणि दुसरा टप्पा मिळून ६०० मेगावॅट. त्यांचं वापरलेलं पाणी कोळकेवाडी धरणात अडवतात आणि अलोऱ्याच्या तिसऱ्या टप्प्यात पुन्हा फिरवतात, तिथं ३२०. चौथा टप्पा एकटा १००० मेगावॅट, २५० चे चार संच. तोही आपलं पाणी कोळकेवाडीतच सोडतो. म्हणजे प्रत्येक थेंब दोनदा राबतो.

चौथ्या टप्प्यासाठी जलाशयाला नवं तोंड पाडायचं होतं आणि जलाशय रिकामा करणं शक्य नव्हतं. तेव्हा बोगदा तळाच्या खालून जलाशयापर्यंत नेला, शेवटचा काही मीटर खडक तसाच ठेवला आणि १३ मार्च १९९९ ला तो स्फोटाने उडवला. हेच लेक टॅपिंग. आशियात असं पहिल्यांदाच झालं. दुसरं २५ एप्रिल २०१२ ला, आणखी खालच्या पातळीवर, जेणेकरून उन्हाळ्यात पाणी उतरल्यावरही संच चालावेत.

कोयनेचा खरा उपयोग संध्याकाळी कळतो. औष्णिक संच थंड असेल तर तो पूर्ण भारावर यायला कित्येक तास लागतात. आमचा संच काही मिनिटांत येतो. सात वाजता राज्यभर दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात किंवा कुठं मोठा संच अचानक बंद पडतो, तेव्हा भार प्रेषण केंद्रातून पहिला फोन कोयनेला येतो. चौथा टप्पा त्यासाठीच बांधलेला आहे, दिवसभर चालवायला नाही.

---

माणदेशी

पोफळीचे दिवस, माहिती उत्तम. पण आमच्या आटपाडीकडून बघा जरा.

कोयना कृष्णेची उपनदी. तिचं पाणी निसर्गाने पूर्वेला दिलं. ते डोंगर फोडून पश्चिमेला वळवलं आणि वीज करून शेवटी दाभोळच्या खाडीत सोडलं. आमच्याकडे चारा छावण्या आम्ही लहानपणापासून बघतोय. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं आणि शिवार बदललं, डाळिंबाला आधार मिळाला. हे पाणी कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचलतात आणि उन्हाळ्यात तिथं पाणी असतं ते कोयनेतून सोडल्यामुळे. सोडलेला प्रत्येक टीएमसी आमच्याकडे ऊस नव्हे, प्यायचं पाणी आणि जनावरांचा चारा असतो. वीज आता सूर्यापासून होते, वाऱ्यापासून होते. पाणी कशापासून करणार?

---

पोफळीचे दिवस

माणदेशी, तुमची तळमळ पटते. म्हणूनच आकडे समोर ठेवतो.

पश्चिमेला किती पाणी न्यायचं याला मर्यादा आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने (बच्छावत) ती ६७.५ टीएमसी घालून दिली. आमचं तांत्रिक वर्ष १ जूनला सुरू होऊन ३१ मेला संपतं आणि प्रत्येक टीएमसीचा हिशेब त्यात बसवावा लागतो. उरलेलं पाणी पूर्वेलाच जातं.

आता एक टीएमसीचा ढोबळ हिशेब. पावणेपाचशे मीटरवरून पोफळीला आणलं की साधारण सव्वातीन कोटी युनिट, कोळकेवाडीची भर धरली तर चार कोटींच्या पुढे. तेच पाणी पायथा वीजगृहातून पूर्वेला सोडलं तर जेमतेम अर्धा कोटी. फरक आठपट आहे. शिवाय तुमच्या टेंभूचं पाणी डोंगर चढवायला जे पंप लागतात, त्यांना वीज लागतेच.

तरीही टंचाईच्या वर्षी वीजनिर्मिती कमी करून पाणी पूर्वेला वळवलं जातं आणि ते योग्यच आहे. प्यायचं पाणी आधी.

---

माणदेशी

हिशेब समजला. पण तो युनिटमध्ये केलेला हिशेब आहे. एका टीएमसीमुळे किती कुटुंबांचं मुंबई-पुण्याला स्थलांतर थांबलं, किती जनावरं दावणीला राहिली, याचा हिशेब कोणी मांडत नाही. लवादाचा निवाडा सत्तरच्या दशकातला. तेव्हा कोयनेशिवाय संध्याकाळची वीज मिळणं अवघड होतं, आज तशी स्थिती नाही. ६७.५ हा आकडा कायमचा नसावा, त्याच्यावर पुन्हा बोललं पाहिजे, एवढंच म्हणतो.

---

वाशिष्ठीकाठ

"शेवटी दाभोळच्या खाडीत सोडलं" हे वाचून लिहायला बसले.

हे पाणी समुद्राला मिळण्याआधी वाशिष्ठीतून आमच्या चिपळूणवरून जातं. कोकणातल्या नद्या शिमग्यानंतर आटतात, डबक्यांची रांग उरते. वाशिष्ठी एप्रिल-मेमध्येही वाहते ती कोयनेच्या अवजलामुळे, म्हणजे वीज करून सोडलेल्या पाण्यामुळे. चिपळूण शहर ते पितं, खेर्डी आणि लोट्याचे कारखाने त्याच्यावर चालतात, काठची गावं त्याच्यावर आहेत. वाया जातं म्हणणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात इथं येऊन शेजारची जगबुडी आणि वाशिष्ठी पाहावी. कोकणातही टँकर लागतात. पाऊस चार हजार मिलिमीटर पडतो म्हणून आम्हाला पाणी आहे असं समजू नका. कातळावर आणि जांभ्यावर पडलेला पाऊस थांबत नाही.

दुसरी बाजूही सांगते. २२ जुलै २०२१ च्या पहाटे आमच्या घरात पाणी शिरलं ते माळ्याच्या लाकडापर्यंत चढलं. त्या एका दिवसात महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. घाटमाथ्याचा पाऊस, वर समुद्राची भरती, नदीत साचलेला गाळ, सगळं एकत्र आलं. त्यात अवजलाचा वाटा किती यावर आजही शहरात वाद आहेत. मी त्यात पडत नाही. मागणी एकच: अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी वीजगृहं किती चालणार आणि किती पाणी येणार, हे काठच्या माणसाला आधी कळलं पाहिजे. पूर्वेला सांडव्यातून पाणी सोडताना भोंगे वाजतात, कऱ्हाड-सांगलीपर्यंत निरोप जातो. पश्चिमेलाही तितकंच तत्पर असावं. त्या पुरानंतर गाळ काढण्यासाठी लोकांना उपोषणाला बसावं लागलं, इतकं ते सोपं नव्हतं.

---

जावळीखोरं

ताई, त्याच पावसात इकडे पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळून माणसं गेली. मिरगाव-ढोकावळे तर धरणापासून हाकेच्या अंतरावर. आधी धरणासाठी उठायचं, मग भूकंपात घर पडायचं आणि आता डोंगर खाली येतो म्हणून पुन्हा उठायचं. एकाच भागाच्या वाट्याला हे सगळं आलं आहे.

---

बेसाल्ट

भूकंपाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. कोयनेचं नाव जगभरच्या भूकंपशास्त्रज्ञांना तोंडपाठ आहे आणि ते आपल्या लोकांना फारसं माहीत नसतं.

१९६२ मध्ये पाणी साठू लागलं आणि त्या भागात छोटे धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं दगावली, कोयनानगरची बहुतेक घरं जमीनदोस्त झाली. धरणाला वरच्या भागात, जिथं भिंतीची जाडी एकदम बदलते तिथं, आडव्या भेगा गेल्या. धरण टिकलं. पुढे भेगा भरल्या, खालच्या बाजूने काँक्रीटचे आधार देऊन भिंत जाड केली.

जलाशयामुळे उद्दीपित झालेल्या भूकंपांत आजवरचा सर्वांत मोठा म्हणून हाच धरला जातो. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. पाण्याच्या वजनाने जमीन फाटली असं नाही. जमिनीत ताण आधीपासून साठलेलाच होता. पाणी भेगांतून खोल झिरपतं, तिथला दाब वाढतो, आधीच ताणलेल्या भेगेची पकड सैल होते आणि ती निसटते. म्हणून पावसाळ्यात जलाशय भरतो आणि नंतर रिकामा होतो, त्या चक्राशी धक्क्यांचा संबंध दिसतो. १९८५ मध्ये दक्षिणेला वारणेचं जलाशय भरू लागल्यावर हालचाल त्या बाजूला सरकली.

सगळे धक्के साधारण ३० बाय २० किलोमीटरच्या पट्ट्यातच होतात. पाचपेक्षा मोठे आत्तापर्यंत वीसहून अधिक झालेत. एवढ्या छोट्या जागेत, साठ वर्षं, सतत. म्हणून भारत सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने कऱ्हाडला खास प्रयोगशाळा उभारली आणि गोठण्याला तीन किलोमीटर खोल विंधन घेतलं. वरचा बेसाल्टचा थर ओलांडून खालच्या ग्रॅनाइटमध्ये शिरून, भूकंप जिथं जन्मतो त्याच्या जवळ जाऊन उपकरणं लावायची हा त्यामागचा विचार आहे.

कोयना भागातल्या कोणत्याही नव्या बांधकामाला, मग ते रिसॉर्ट असो वा पूल, हा इतिहास लागू आहे. काठावरच्या उतारावर तीन मजली हॉटेलं उठताना दिसतात तेव्हा मला खरंच काळजी वाटते.

---

रानवाट

बेसाल्ट, यावर स्वतंत्र लेख लिहाच. कोयनानगरच्या नेहरू उद्यानात प्रकल्पाची माहिती दाखवतात, तिथं शाळेच्या सहली येतात. भूकंपाचं हे शास्त्र तिथं मुलांना इतक्या सोप्या भाषेत मिळायला हवं.

---

तिसरी पिढी

मी इथं फक्त वाचायला येते, आज पहिल्यांदाच लिहितेय.

आमचं गाव कोयनेत गेलं. आजोबांना रायगड जिल्ह्यात जमीन दाखवली. दाखवली म्हणजे कागदावर. तिथं गेल्यावर त्या जमिनीवर दुसरं कोणी कसत होतं. आजोबा परत आले, डोंगरावर नातलगांच्या पडवीत राहिले, मग मुंबईला गेले. जावळी-पाटणची किती माणसं माथाडी झाली त्यामागे ही कारणं आहेत. वडिलांनीही बाजार समितीत पाठीवर पोती वाहिली. आमच्या घरात आजीची एक पितळी पायली आणि जमिनीच्या पावत्यांची एक डबी, एवढंच गावाकडचं उरलं.

आजी सांगायची की खाचरात भात इतका यायचा की कोठारं कमी पडायची. नदीकाठची ती काळी जमीन सगळी पहिल्याच पावसाळ्यात गेली. एप्रिल-मेमध्ये पाणी खूप उतरलं की काही ठिकाणी घरांची जोती आणि देवळांचे दगड वर येतात. ती दोनदा जाऊन बघून आली. तिसऱ्यांदा नको म्हणाली.

कोयनेच्या वेळी पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. महाराष्ट्रात तो १९७६ मध्ये आला. त्यामुळे आमच्या लोकांना मिळालं ते सगळं सरकारी निर्णयांवर आणि आंदोलनांवर मिळालं. श्रमिक मुक्ती दलाने भारत पाटणकरांच्या पुढाकाराने हा प्रश्न लावून धरला, २०१८ मध्ये कोयनानगरला बेमुदत ठिय्या झाला. तिथं सत्तरी-ऐंशीची माणसं उन्हात बसली होती. त्यांना नोकऱ्या नको होत्या, डोळ्यादेखत आपल्या नावाचा सातबारा हवा होता.

मी स्वतः एका कार्यालयात आमच्या जमिनीचं प्रकरण घेऊन कितीतरी वेळा गेले. एकदा फाईल सापडत नाही, एकदा साहेब बदलले, एकदा जिल्हा आमचा नाही. धागाकर्त्यांनी लिहिलेलं "हिशेब पूर्ण झाला पाहिजे" हे वाक्य वाचून मी लिहायचं ठरवलं. पर्यटन आलं तर आमच्या मुलांना काठावर काम मिळेल हे खरं आहे, आणि मला ते हवंही आहे. पण तिथली जमीन आज पुण्या-मुंबईचे लोक घेतायत आणि मूळ मालकाच्या नातवाला तिथं वेटरचं काम मिळतंय. बोट चालवायचा, खानावळ काढायचा, मुक्कामाची सोय करायचा पहिला हक्क धरणग्रस्तांच्या कुटुंबांना कागदावर मिळावा. आराखड्यात तशी अट असावी.

---

माणदेशी

ताई, आमच्या शेजारच्या तालुक्यात कोयनेची पुनर्वसित वसाहत आहे. लहानपणी आम्ही त्यांना 'कोयनेवाले' म्हणायचो, ते आमच्यात का आले हे कधी विचारलं नाही. ओल्या मुलखातल्या माणसांना आमच्या माळरानावर आणून बसवलं. त्यांना भात यायचा, आमच्याकडे बाजरीसुद्धा भरवशाची नाही. कोयनेच्या पाण्यावर आमचा हक्क सांगताना त्यांचं नाव आधी घ्यायला हवं, हे मी आमच्या पाणी संघटनेच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे.

---

वाशिष्ठीकाठ

तिसरी पिढी, लिहीत राहा. चिपळूण-खेडकडेही कोयनेची कुटुंबं आहेत. माझ्या वर्गात होती.

---

पोफळीचे दिवस

मुली, आम्ही वसाहतीत राहिलो, आम्हाला क्वार्टर, शाळा, दवाखाना सगळं होतं. माझ्या हाताखालचे बरेच कामगार तुमच्याच गावांचे होते, बोगद्यात त्यांनीच घाम गाळला. धरणग्रस्तांच्या मुलांना प्रकल्पावर प्राधान्याने घ्यावं असं आम्ही संघटनेतून सतत मांडत आलो. सरकारी नोकऱ्यांत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के समांतर आरक्षण आहे, पण दाखला एका कुटुंबात एकालाच चालतो आणि जागा निघतात किती, हा प्रश्न राहतोच.

कोणत्या कागदावर अडलं आहे ते सांगाल का? काही जुनी माणसं माझ्या ओळखीची आहेत.

---

तिसरी पिढी

काका, मनापासून आभार. संकलन रजिस्टरमध्ये (धरणग्रस्त खातेदारांच्या सरकारी नोंदवहीत) आजोबांचं नाव आहे, पण आडनावाऐवजी गावचं नाव लागलंय. त्यामुळे वारस नोंद होत नाही. बुडित जमिनीचा जुना सातबारा आमच्याकडे नाही.

---

पोफळीचे दिवस

मग आधी हे करा. जिल्हा पुनर्वसन शाखेत माहिती अधिकारात अर्ज देऊन तुमच्या बुडित गावाच्या संकलन रजिस्टरची साक्षांकित प्रत मागा, पूर्ण गावाची, नुसत्या आजोबांच्या ओळीची नको. शेजारच्या खातेदारांची नावं त्यात असतील, ती ओळख पटवायला लागतात. तालुक्याच्या अभिलेख कक्षात जुन्या गावाचे फेरफार मागा. आजोबांच्या शाळेचा किंवा जन्माचा दाखला मिळत असेल तर त्यावर आडनाव असतं. गावातून मुंबईला गेलेल्या दोघा-तिघा वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं घ्या, ती माणसं आहेत तोवर घ्या. पावत्यांच्या डबीत संपादनाच्या वेळची नोटीस किंवा मोबदल्याची पावती आहे का, एक एक कागद उलगडून बघा. त्यावर गट किंवा सर्व्हे नंबर असला तर अर्धं काम झालं. सापडलं की मला व्यक्तिगत निरोप पाठवा.